नर्सीचे नामदेव



नर्सी आपल्या हिंगोलीपासून फार लांब नाही. कयाधू नदीकाठच्या या गावी १२७० साली दामाशेटी व गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी नामदेवांचा जन्म झाला, असे परंपरा सांगते. पुढे त्यांचे आयुष्य पंढरपुरात गेले. राजाई ही त्यांची पत्नी. गंगाखेडची पोरकी जनाबाई याच घरात वाढली आणि संतपदाला पोहोचली.

संत म्हटले की माणूस जन्मतःच निर्दोष असावा, असे आपण धरून चालतो. नामदेवांची कथा तशी नाही. गोरोबाकाकांच्या घरी सारे संत जमले असता काकांनी मडकी पारखायचे थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारले. इतर मुकाट बसले. नामदेव मात्र रागावले, आणि हे मडके कच्चे ठरले! सगळ्यांदेखत झालेला हा अपमान त्यांना फार लागला. सेमिनरीत आम्ही अहंकारावर जाडजूड ग्रंथ वाचले, पण मान दुखावला की आमचेही नामदेवांसारखेच होते, हे कबूल केले पाहिजे.

नामदेव रुसून बसले नाहीत. एवढे नाव झालेला माणूस गुरू शोधत आपल्याच औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेला. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी हटकले, तेव्हा देव नाही अशी जागा दाखव, तिथे माझे पाय ठेव, असे विसोबांनी सांगितले. ते पाय कुठे ठेवायचे हे नामदेवांना कळेना. तिथेच त्यांचा ताठा उतरला.

त्याचा कस लागला तो मंगळवेढ्यास. १३३८ साली तिथे गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि कामावरचे मजूर गाडले गेले. त्यात चोखोबा होते. जातीने महार, म्हणून पंढरीच्या देवळाबाहेरच उभे राहिलेले. असल्या मजुरांची हाडे उकरायला त्या काळी कोण जाणार? साठी उलटलेले नामदेव गेले. ढिगाऱ्यातले एकेक हाड कानाला लावून, ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते चोखोबांचे, असे त्यांनी ओळखले, अशी कथा आहे. कथेवर कुणी विश्वास ठेवो न ठेवो, ज्यांना जिवंतपणी शिवत नसत त्यांची हाडे एका माणसाने कानाशी धरली, हे आम्हाला मोठे वाटते. आपल्यातील कित्येकांचे वाडवडील गावकुसाबाहेरच राहिले. त्यांना हे धैर्य वेगळे समजावून सांगावे लागले नसते.

त्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला नेल्या व महाद्वारासमोर चोखोबांची समाधी बांधली. पुढची काही पावले चालायला समाजाला सहाशे वर्षे लागली. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली ते मंदिर दलितांना खुले झाले.

नामदेव पंजाबातही गेले. तिथे घुमानला त्यांचे स्थान आहे आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. १३५० साली ते पंढरपुरात निवर्तले. देवळात येणाऱ्यांची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून त्यांनी महाद्वाराची पायरी मागून घेतली, असे सांगतात. लोक मात्र त्या पायरीवर पाय ठेवत नाहीत, नमस्कार करून ती ओलांडतात. समोरच चोखोबांची समाधी आहे.