शाहीर रामजोशी आणि अक्षराचा आघात

ज्यांची बहुतेक रचना शृंगाराची, अशा शाहिराचे चरित्र या पृष्ठांत कशास, असा प्रश्न काही वाचक करतील. शृंगार बाजूस ठेवला तरी रामजोशी यांचा कान उरतो. आणि नित्य पाठ करणाऱ्यांनी कानाची उपेक्षा करू नये.

रामजोशी यांचा जन्म सुमारे १७६२ साली सोलापुरात जोशीपण चालविणाऱ्या ब्राह्मण कुळात झाला. वडील बंधू मुद्गल जोशी पुराण सांगत. रामजोशी मात्र धोंडी शाहिराच्या फडात रमू लागले. हे न रुचून बंधूंनी त्यांना घराबाहेर काढले. ते पंढरपुरास गेले, बाबा पाध्ये यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन करून परतले आणि कीर्तन-पुराण करू लागले. परंतु डफाची ओढ सुटली नाही.

शास्त्र आणि डफ यांचा मेळ सोपा नव्हे. संस्कृत छंदःशास्त्रात ऱ्हस्व अक्षर लघु, एका मात्रेचे. दीर्घ अक्षर गुरू, दोन मात्रांचे. आणि जोडाक्षरामागील ऱ्हस्वही गुरूच. मराठीत हा शेवटचा नियम सरसकट लागू पडत नाही. ‘सत्य’ म्हणताना ‘स’वर आघात येतो, म्हणून तो गुरू. ‘तुझ्या’ म्हणताना ‘तु’वर आघात येत नाही, तो लघुच राहतो. लिहिलेले पाहून हा भेद कळत नाही, उच्चारल्यावरच कळतो. (वेदातील उदात्त-अनुदात्त हे स्वराचे उंच-नीचपण होय, त्यास आघात म्हणण्याचा घोटाळा काही अभ्यासकही करतात.)

लावणीत आणखी एक आघात असतो, तो तालाचा. मात्रांचे आवर्तन ठेक्यावर फिरते व त्याच्या आरंभी जोर पडतो. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात अशा आवर्तनांना नावे दिली: पाच मात्रांचे हर, सहांचे भृंग, सातांचे अग्नि, आठांचे पद्म. तो ग्रंथ १९२७ सालचा. रामजोशी यांच्यापाशी या संज्ञा नव्हत्या. तरी लांबलचक संस्कृत समास त्यांनी ठेका न मोडता लावणीत बसविले. केवळ पंडितास हे साधले नसते, केवळ फडकऱ्यासही नाही.

बारामतीस मोरोपंतांच्या सांगण्यावरून त्यांनी डफ फोडला, अशी आख्यायिका आहे. पंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनांतून लोकांपर्यंत नेल्या. आर्या हीही मात्रांवरच चालते. तेव्हा फडात तयार झालेला कान कीर्तनातही कामी आला असावा. सुमारे १८१२ साली त्यांचा अंत झाला.