अमृता शेरगिल : स्वतःच्या रेषेचा शोध

चित्रकलेच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो. तुझी स्वतःची शैली कोणती? शाळेत असताना हा प्रश्न पडत नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र नीट काढले की काम भागते. कलाशिक्षणाला प्रवेश घेतल्यावर मात्र वर्षभरातच हा प्रश्न मानगुटीवर बसतो. मग कोणी एखाद्या मोठ्या चित्रकाराचे वळण उचलतो, कोणी मुद्दाम वेडेवाकडे काढू लागतो, तर कोणी निराश होऊन ब्रश खाली ठेवतो. शैली मिळते तरी कशी, हे समजून घेण्यासाठी मला व्याख्यांपेक्षा एका चित्रकर्तीचे आयुष्य अधिक उपयोगी पडले. ती चित्रकर्ती म्हणजे अमृता शेरगिल.

तिच्यावर लिहावेसे वाटण्याला आणखी एक कारण आहे. माझे गाव धावडा. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले, अजिंठ्याच्या डोंगराच्या अंगाला वसलेले. पाहुणा आला की त्याला लेणी दाखवायला न्यायचे, ही आमच्याकडची रीत. अमृताला जिथे तिची वाट सापडली ती हीच लेणी. ती आली तेव्हा अजिंठा आणि आमचा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इतक्या दूरवरून येऊन तिने इथे काय पाहिले, हे कुतूहल मला बरेच दिवस होते.

अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे झाला. वडील उमरावसिंग शेरगिल हे पंजाबातील मजिठिया सरदार घराण्यातले. संस्कृत आणि फारसीचा त्यांचा व्यासंग होता आणि छायाचित्रणाचा नादही होता. आई मारी आंत्वानेत हंगेरियन, संगीतात रमणारी. पहिल्या महायुद्धामुळे हे कुटुंब अनेक वर्षे हंगेरीतच अडकून पडले आणि १९२१ साली सिमल्याला येऊन स्थायिक झाले. अमृता तेव्हा आठ वर्षांची होती. गोष्टींतल्या पऱ्या आणि राजकन्या रंगीत पेन्सिलींनी काढण्यात ती तासन् तास रमत असे. तिचे मामा एर्विन बाक्ताय भारतविद्येचे अभ्यासक होते आणि त्यांनी चित्रकलाही शिकली होती. ते सिमल्याला आले तेव्हा भाचीचा हात त्यांनी ओळखला. मनातली चित्रे बाजूला ठेवून समोरचे माणूस पाहून काढायची सवय त्यांनी तिला लावली. घरातले नोकरचाकर तिच्यासमोर बसू लागले. पुढच्या साऱ्या कामाचा पाया मला इथेच घातलेला दिसतो.

१९२९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, मुलीच्या शिक्षणासाठी सारे कुटुंब पॅरिसला गेले. आधी ग्रांद शोमिएर ही कलाशाळा आणि मग एकोल दे बोझार ही नामवंत कलासंस्था, असे तिचे शिक्षण झाले. तिथे प्राध्यापक ल्युसियें सिमों यांच्या हाताखाली तिने कसून अभ्यास केला. मॉडेल समोर बसवून कोळशाने केलेली मानवाकृतींची रेखाटने, देहाचे वजन, प्रकाश-छाया, तैलरंगाची हाताळणी हे सारे तिने रीतसर आत्मसात केले. १९३२ साली काढलेल्या दोन तरुणींच्या चित्राला पुढच्याच वर्षी पॅरिसच्या ग्रां सालाँ या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले आणि तिला संस्थेचे सहसदस्यत्व देण्यात आले. वय अवघे वीस. एखाद्याने इथेच समाधान मानले असते.

अमृताला मात्र समाधान नव्हते. सेझान आणि गोगँ यांची चित्रे पाहताना आणि पॅरिसच्या संग्रहालयातली भारतीय शिल्पे न्याहाळताना तिची खात्री होत चालली की आपली जागा इथे नाही. तिच्या रंगांना पूर्वेकडचा प्रकाश हवा, असे तिच्या एका प्राध्यापकांचेही मत होते. युरोपातल्या आधुनिक कलेनेच आपल्याला भारतीय चित्र-शिल्पांचे मोल शिकवले, असे तिने १९३४ साली आईवडिलांना पत्राने कळवले. त्याच वर्षाच्या अखेरीस ती भारतात परतली.

सिमल्यात आल्यावर तिने साड्या नेसायला सुरुवात केली आणि आसपासची गरीब पहाडी माणसे रंगवायला घेतली. ‘पहाडी पुरुष’, ‘पहाडी स्त्रिया’ आणि ‘तीन मुली’ ही चित्रे १९३५ सालची. त्यांत डोळे खाली वळवून स्तब्ध उभी असलेली, बसलेली माणसे दिसतात. त्याच वर्षी सिमल्याच्या प्रदर्शनात तिची काही चित्रे नाकारली गेली आणि एका चित्राला पारितोषिक मिळाले. ते पारितोषिक तिने परत केले. बावीस वर्षांच्या मुलीचा हा ताठा अनेकांना खटकला. पण आपले कोणते चित्र बरे आणि कोणते सामान्य, याचा निवाडा तिने दुसऱ्यावर सोपवलेला नव्हता.

तरीही हवे ते हाती आले नव्हते. विषय भारतीय झाला होता, मांडणीत मात्र गोगँची सावली दिसत होती. अशा अवस्थेत नोव्हेंबर १९३६ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात बारदा उकील यांच्या चित्रांसोबत तिचे प्रदर्शन झाले. तिथे कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांच्याशी तिचा स्नेह जुळला. त्यानंतर वर्षाच्या अखेरीस ती वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेला लागली.

अजिंठ्याला चित्रकार यापूर्वी आले नव्हते असे नाही. मेजर रॉबर्ट गिल यांना १८४४ साली लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्याचे काम मिळाले. वर्षानुवर्षे खपून केलेल्या त्या नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत बहुतेक जळाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही अनेक लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. १९०९ नंतर लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस प्रभृती बंगालचे तरुण चित्रकार आले. पण अजिंठ्याच्या अनुकरणातून बंगालमध्ये जी चित्रे होऊ लागली, त्यांत नाजूक बोटे, लांबट डोळे आणि धूसर रंग एवढेच उरले, अशी अमृताची तक्रार होती. अजिंठ्याचे कवच उचलले आणि गाभा राहिला, असा तिच्या टीकेचा मथितार्थ.

मग तिने स्वतः काय घेतले? सतराव्या लेण्यात आरसा हाती घेतलेल्या राजकन्येच्या शृंगाराचे चित्र आहे. विद्यार्थी मित्रांनी ते कधी निवांत पाहावे. पॅरिसच्या वर्गात शिकवतात तशी एका बाजूने पडणारी सावली तिथे नाही. गेरूची रेषा देहाची गोलाई सांगते, गडद पार्श्वभूमीवर उजळ देह उठून येतात. आकृती एकीमागे एक दाटीने उभ्या असतात, पण प्रत्येकीची मान आणि हात वेगळे बोलतात. रंग तरी किती? गेरू, पिवळी माती, काजळी, चुन्याचा पांढरा, हिरव्या दगडाची पूड आणि थोडा मोलाचा निळा. आमच्या शिवारात पायाखाली येणाऱ्या मातीचेच हे भाऊबंद! एवढ्या मोजक्या साधनांत एवढे सांगता येते, तर मग बाकीचे कशासाठी, हा प्रश्न अमृताला इथे पडला असावा. कारण यानंतरच्या चित्रांतून तिने बरेच काही टाकून दिलेले दिसते.

अजिंठ्याहून ती हैदराबादला आणि तिथून दक्षिणेत गेली. कोचीनच्या मट्टनचेरी राजवाड्यातली भित्तिचित्रे आणि कन्याकुमारीकडची काळीसावळी माणसे तिने पाहिली. सिमल्याला परतल्यावर १९३७ साली तिने तीन मोठी चित्रे केली : ‘वधूशृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजाराला निघालेले दक्षिणेतले खेडूत’. ‘ब्रह्मचारी’ पाहा. तांबूस पार्श्वभूमीवर शुभ्र धोतरे नेसलेले पाच तरुण बसले आहेत. अंगे ताठ, डोळे शांत. तपशील जवळजवळ नाही. आकार, पांढरा आणि तांबडा. यात अजिंठ्याची एकही आकृती उचललेली नाही, तरी चित्र अजिंठ्याच्या घरचे वाटते. आणि देहांना असलेले वजन पॅरिसमधल्या मेहनतीचे आहे. आधीचे शिक्षण तिने फेकून दिले नाही, त्याला कामाला लावले. तिची शैली जन्मली ती इथे. त्याच १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीने ‘तीन मुली’ला सुवर्णपदक दिले.

मानमरातब मिळाला तरी चित्रे खपत नव्हती. हैदराबादचे नवाब सालारजंग यांनी तिची चित्रे पाहायला ठेवून घेतली आणि न घेता परत केली. १९३८ साली हंगेरीत तिने आपला मावसभाऊ डॉ. व्हिक्टर एगान याच्याशी लग्न केले. भारतात परतल्यावर दोघे गोरखपूरजवळच्या सराया येथे राहिली. तिथे मोगल आणि पहाडी लघुचित्रांचा अभ्यास करीत तिने आपली रीत पुन्हा बदलली. मोठ्या स्तब्ध आकृती लहान झाल्या, रंग अधिक तेजस्वी झाले, अंगणातल्या आणि माजघरातल्या बायकांचा रिकामा वेळ चित्रांत आला. ‘खाटेवर विसावलेली स्त्री’ आणि ‘झोका’ ही १९४० सालची चित्रे त्या काळातली. सापडलेल्या शैलीतही ती फार काळ मुक्काम करून राहिली नाही.

सप्टेंबर १९४१ मध्ये ही दोघे लाहोरला आली. डिसेंबरात तिथे तिच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरायचे होते. त्याआधीच अचानक आजारी पडून ५ डिसेंबर १९४१ रोजी ती गेली. वय अठ्ठावीस. खिडकीतून दिसणाऱ्या म्हशींचे एक चित्र फळीवर अपुरेच राहिले. अजिंठा पाहिल्यापासून तिला फक्त पाच वर्षे मिळाली होती. १९५४ साली दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले, त्याच्या आरंभीच्या संग्रहाचा मोठा भाग तिच्या चित्रांचा होता. पुढे सरकारने तिची चित्रे राष्ट्रीय कलानिधी ठरवली. ती आता देशाबाहेर विकता येत नाहीत.

हे आयुष्य वाचून मला काही गोष्टी उमगल्या, त्या माझ्या वर्गमित्रांपुढे ठेवतो. अमृता शैली शोधत बसली नाही. ती समोरचा माणूस काढत राहिली. ज्यांच्यावर तिचे प्रेम होते त्या चित्रकारांच्या ऋणात ती आधी मनसोक्त राहिली आणि मग एकेक ऋण फेडत मोकळी झाली. अजिंठ्याच्या पायथ्याशी जन्मलो म्हणून आमच्या हाताला अजिंठ्याची रेषा आपोआप लाभत नाही, आणि पद्मपाणीची शंभरावी नक्कल केल्यानेही लाभणार नाही. पण कापूस वेचताना वाकलेल्या बायका, बाजाराच्या दिवशी झाडाखाली टेकलेली म्हातारी माणसे, एसटीच्या थांब्यावर पेंगणारी पोरे धावड्यात आजही आहेत. त्यांची पाठ कशी वाकते, मान कुठे झुकते, हे अजून कोणी काढलेले नाही. या सुट्टीत मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसणार आहे. शैली यायची तेव्हा येवो.