दारा शिकोह : धर्मांची तुलना करणारा मुघल शहजादा

सगळे धर्म शेवटी एकच गोष्ट सांगतात, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलोय. शाळेच्या भाषणात ते असतं, सणासुदीच्या शुभेच्छांमध्ये असतं. पण ते खरं आहे का, हे मूळ ग्रंथ उघडून तपासायला फारसं कुणी बसत नाही. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी एक माणूस बसला होता. तो हिंदुस्थानच्या तख्ताचा वारस होता. पुढे त्याला तख्त मिळालं नाही आणि ज्या आरोपाखाली त्याचा जीव गेला, त्यात या अभ्यासाचाही हिशोब मांडला गेला. त्याचं नाव दारा शिकोह.

नवसाचा मुलगा

दाराचा जन्म मार्च १६१५ मध्ये अजमेरला झाला. शाहजहान तेव्हा शहजादा खुर्रम होता. आधी मुलीच झाल्या होत्या, म्हणून त्याने ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींच्या दर्ग्यात मुलासाठी प्रार्थना केली होती. त्यानंतर झालेला हा मुलगा बापाचा कायम लाडका राहिला. शुजा, औरंगजेब आणि मुराद हे धाकटे भाऊ बंगाल, दख्खन, गुजरात अशा सुभ्यांवर आणि मोहिमांवर असत. दारा बहुतेक काळ दरबारातच असे. त्याला मनसबही भावांपेक्षा मोठी मिळाली. १६५५ मध्ये त्याला शाह-ए-बुलंद इक्बाल हा किताब देऊन बादशहाच्या तख्ताजवळ सोन्याच्या आसनावर बसवलं गेलं. वारस कोण, हे यातून सगळ्यांना कळलं. भावांनाही कळलं.

१६३३ मध्ये त्याचं लग्न चुलत बहीण नादिरा बानूशी झालं. मुघल शहजाद्यांना अनेक बेगमा असत, पण दाराने दुसरं लग्न केलं नाही. त्याने तिला भेट दिलेला चित्रांचा आणि सुलेखनाचा संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

याच सुमारास लाहोरमध्ये त्याची कादिरी पंथाचे सूफी संत मियाँ मीर यांच्याशी भेट झाली. १६३५ मध्ये ते वारले. पुढे दारा आणि त्याची थोरली बहीण जहाँआरा, दोघांनी मियाँ मीर यांचे शिष्य मुल्ला शाह बदख्शी यांना गुरू मानलं. पंचविशीत त्याने सूफी संतांच्या चरित्रांचा पहिला ग्रंथ लिहिला. त्यानंतर आपल्या गुरुपरंपरेवर आणि ध्यानाच्या पद्धतींवरही पुस्तकं लिहिली. तोपर्यंत त्याचं सगळं लेखन इस्लामी परंपरेच्या आतलं होतं.

हरलेली मोहीम आणि बाबा लाल

१६४९ मध्ये इराणच्या सफवींनी कंदाहार घेतलं. ते परत मिळवायला औरंगजेब दोनदा गेला आणि हात हलवत परतला. १६५३ मध्ये दारा मोठी फौज घेऊन गेला आणि तोही हरला. सेनापती म्हणून त्याची कुवत किती, हे तिथे उघड झालं.

परतताना तो लाहोरला थांबला. तिथे बाबा लाल या वैष्णव साधूशी त्याच्या अनेक बैठकी झाल्या. हे प्रश्नोत्तरांचे संवाद पुढे फारसीत उतरले. ते काम त्याचा मुनशी चंद्रभान ब्राह्मण याने केलं, असं परंपरा सांगते. दाराचे प्रश्न सरळ होते. हिंदू मूर्तिपूजा का करतात, हा त्यातलाच एक. बाबा लाल यांच्या उत्तराचा आशय असा, की मूर्ती हा मन एकाग्र करायचा आधार आहे. लहान मुली बाहुल्यांचा संसार मांडतात आणि खरा संसार सुरू झाला की बाहुल्या सुटतात, तसंच निराकाराची ओळख पटली की आकाराची गरज उरत नाही.

दारा ऐकीव माहितीवर थांबला नाही, हे इथे महत्त्वाचं. त्याने तौरात, झबूर आणि इंजील, म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेचे ग्रंथ वाचले. जेझुइट पाद्र्यांशी चर्चा केल्या. काशीच्या पंडितांना बोलावलं. त्याच्या आश्रयाला असलेल्या विद्वानांत कवींद्राचार्य सरस्वतीही होते. मूळचे गोदावरीकाठचे हे संन्यासी काशीत स्थायिक झाले होते. काशी आणि प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर त्यांनी शाहजहानकडे रदबदली करून माफ करून घेतला होता.

दोन समुद्र कुठे मिळतात?

१६५५ मध्ये दाराने मजमा-उल-बहरैन हे छोटं पुस्तक लिहिलं. नावाचा अर्थ दोन समुद्रांचा संगम. समुद्रसंगम या नावाने त्याचं संस्कृत रूपही आहे. यात दाराने एक साधी पद्धत वापरली. एका बाजूला सूफींची संज्ञा घ्यायची, दुसऱ्या बाजूला वेदान्ताची आणि योगाची, आणि दोन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात का ते पाहायचं. काही उदाहरणं पाहू.

सूफी ज्याला रूह म्हणतात, त्याला तो आत्मा म्हणतो. सर्व रूहांच्या मुळाशी असलेलं तत्त्व म्हणजे परमात्मा.

सूफी परंपरेत अस्तित्वाचे चार लोक मानले जातात : नासूत, मलकूत, जबरूत आणि लाहूत. दारा ते जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्या या चार अवस्थांशी जुळवतो.

निर्मिती, पालन आणि संहार करणाऱ्या ब्रह्मा, विष्णू, महेश यांना तो जिब्रईल, मीकाईल आणि इस्राफील या फरिश्त्यांच्या जोडीला ठेवतो. इस्लामी श्रद्धेनुसार कयामतीच्या वेळी तुतारी फुंकणारा फरिश्ता इस्राफील आहे, म्हणून महेशाशी त्याची जोडी. कयामत आणि महाप्रलय यांनाही तो एकत्र आणतो.

सगळ्यात धीट जोडी इश्क आणि माया यांची आहे. सूफींच्या मते ईश्वराला स्वतःला प्रकट करावंसं वाटलं, त्या प्रेमातून सृष्टी झाली. वेदान्तात सृष्टीचा पसारा मायेमुळे आहे. दारा म्हणतो, दोन्ही एकच.

ही तुलना विचारांपुरती थांबत नाही. साधनेकडे वळल्यावर तो अजपाजपाबद्दल लिहितो. प्रत्येक श्वासाबरोबर आपोआप चालणारा सोहंचा जप आपल्याकडे वारकरी आणि नाथ परंपरांमुळे ओळखीचा आहे. सूफींकडेही प्रत्येक श्वासावर ईश्वराचं स्मरण ठेवायची पद्धत आहे. दारा त्या आत-बाहेर जाणाऱ्या श्वासात हू अल्लाह ऐकतो. योग्यांचा अनाहत नाद आणि सूफींनी ध्यानात ऐकलेला निरंतर ध्वनी यांचीही तो अशीच सांगड घालतो.

जे जुळलं नाही, त्याचं काय?

सगळ्या जोड्या सारख्या पक्क्या नाहीत. इश्क आणि माया हेच पाहा. सूफींच्या लेखी इश्क सृष्टीचं गौरवाचं कारण आहे. शंकराचार्यांच्या वेदान्तात माया हा सत्यावरचा पडदा आहे, तो दूर व्हायला हवा. त्रिमूर्तीचं स्थानही तसंच. फरिश्ता हा ईश्वराचा सेवक, त्याची पूजा होत नाही. विष्णू आणि शिव तर कोट्यवधी भक्तांचे परमेश्वर आहेत. दाराच्या जोडीत त्यांचा दर्जा एक पायरी खाली येतो.

पुस्तकात काय नाही, हेही पाहायला हवं. पंचमहाभूतांपासून मुक्तीपर्यंत वीसेक छोटी प्रकरणं त्यात आहेत. पण पुनर्जन्मावर स्वतंत्र प्रकरण नाही, जातीवर नाही, शरियतच्या नियमांवरही नाही. माणसाने काय खावं, कुणाशी लग्न करावं, कुणाच्या हातचं पाणी प्यावं हे ज्या गोष्टींनी ठरत होतं, त्या बाजूलाच राहिल्या. दाराने गूढवाद्यांची तुलना गूढवाद्यांशी केली, आणि तिथे धर्म खरोखर एकमेकांच्या फार जवळ येतात. बाजारात, स्वयंपाकघरात आणि न्यायालयात ते इतके जवळ येत नाहीत.

त्याला स्वतःलाही याची जाणीव होती. हे पुस्तक आपण आपल्या घरच्या माणसांसाठी लिहिलं, दोन्हीकडच्या सामान्य लोकांशी आपल्याला कर्तव्य नाही, असं त्याने प्रस्तावनेत स्पष्ट केलं आहे. त्यात नम्रतेपेक्षा तोराच जास्त होता. दरबारातही तो अनेक सरदारांना आणि उलेमांना तुच्छ लेखत असे. त्याची किंमत पुढे द्यावी लागली.

सहा महिन्यांत पन्नास उपनिषदं

मजमानंतर दारा मूळ ग्रंथाकडे वळला. दिल्लीत यमुनेकाठी निगमबोध घाटाजवळच्या आपल्या वाड्यात त्याने काशीचे पंडित आणि संन्यासी जमवले. सहा महिन्यांत पन्नास उपनिषदांचं फारसी भाषांतर झालं. अवघड जागी शंकराचार्यांच्या भाष्यातला अर्थही त्यात मिसळला आहे. या ग्रंथाचं नाव सिर्र-ए-अकबर, म्हणजे सर्वांत मोठं रहस्य.

या कामामागचा त्याचा तर्क मुसलमान म्हणून केलेला होता. कुराण सांगतं, की ईश्वराने कोणताही समाज मार्गदर्शनाशिवाय ठेवलेला नाही. मग हिंदुस्थानालाही ग्रंथ मिळालेला असणारच. कुराणात एका गुप्त, सुरक्षित ग्रंथाचा उल्लेख येतो. तो ग्रंथ म्हणजे उपनिषदंच, असा निष्कर्ष दाराने काढला. ईश्वराच्या एकत्वाचं जे विवेचन तौरात आणि इंजीलमध्ये संक्षेपाने आहे, ते इथे विस्ताराने मिळतं, असं त्याचं मत होतं. म्हणजे त्याने इस्लाम सोडला नाही, उलट कुराण नीट समजावं म्हणून तो उपनिषदांकडे गेला. पण उलेमांच्या दृष्टीने वेदपरंपरेला कुराणाच्या रांगेत बसवणं हाच गुन्हा होता.

तख्ताची लढाई

हे भाषांतर १६५७ च्या उन्हाळ्यात पूर्ण झालं. सप्टेंबरमध्ये शाहजहान आजारी पडला आणि चारही भावांत युद्ध पेटलं. औरंगजेब दख्खन सोडून उत्तरेला निघाला. एप्रिल १६५८ मध्ये त्याने धरमत इथे बादशाही फौजेचा पराभव केला आणि मे महिन्याच्या अखेरीस आग्र्याजवळ सामूगढला खुद्द दाराचा.

या युद्धाकडे उदार विरुद्ध कट्टर अशी लढाई म्हणून पाहायची सवय आहे. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना मुसलमान सरदार होते आणि दोन्हीकडे राजपूतही होते. भांडण तख्ताचं होतं. औरंगजेब मुरलेला सेनापती होता आणि दारा नव्हता, हे बहुतेकांना दिसत होतं.

मार्च १६५९ मध्ये अजमेरजवळ दारा पुन्हा हरला आणि इराणच्या वाटेने पळाला. बोलन खिंडीजवळ, दादरच्या वाटेवर नादिरा बानू आजाराने आणि थकव्याने वारली. तिचा मृतदेह लाहोरला मियाँ मीर यांच्या दर्ग्याजवळ दफन व्हावा म्हणून त्याने उरलेसुरले विश्वासू सैनिक त्याच्याबरोबर पाठवले. स्वतः मलिक जीवन या सरदाराच्या आश्रयाला थांबला. याच मलिक जीवनला शाहजहानने एकदा मृत्युदंड दिला होता आणि दाराने रदबदली करून त्याचा जीव वाचवला होता. त्यानेच दाराला पकडून दिलं.

दाराला आणि त्याचा मुलगा सिपिहर शिकोह याला मळक्या कपड्यांत हत्तीवर बसवून दिल्लीच्या रस्त्यांवरून फिरवण्यात आलं. फ्रेंच वैद्य बर्नियरने ते दृश्य पाहिलं. रस्त्याच्या दुतर्फा लोक रडत होते, पण सोडवायला कुणी पुढे आलं नाही, असं त्याने लिहून ठेवलंय. त्यानंतर मलिक जीवन दिल्लीत दिसला, तेव्हा मात्र जमावाने त्याच्यावर दगडफेक केली. दारा जिवंत राहणं धोक्याचं आहे, हे औरंगजेबाला त्यातून पटलं.

लोकप्रिय भावाला मारायचं तर कारण हवं होतं. ते दाराच्या पुस्तकांत आणि संगतीत सापडलं. तो ब्राह्मण आणि जोग्यांत बसतो, वेदांना ईश्वरी ग्रंथ मानतो, नमाज-रोजे पाळत नाही, बोटातल्या अंगठीवर नागरी अक्षरांत प्रभू हे नाव कोरून घेतो, असे आरोप औरंगजेबाच्या दरबारी इतिहासात नोंदले आहेत. उलेमांनी त्याला धर्मभ्रष्ट ठरवलं. ३० ऑगस्ट १६५९ च्या रात्री त्याला ठार करण्यात आलं. वय ४४. हुमायूनच्या मकबऱ्याच्या आवारात त्याला कसल्याही मानाशिवाय पुरलं गेलं.

त्याच्या खुणाही पुसल्या गेल्या. मथुरेच्या केशवराय मंदिराला त्याने दिलेला दगडी कठडा औरंगजेबाने १६६६ मध्ये काढायला लावला. कवींद्राचार्यांचं वर्षासन बंद झालं.

भाषांतराचा पुढचा प्रवास

सिर्र-ए-अकबरच्या हस्तलिखित प्रती मात्र टिकल्या. त्यातली एक अठराव्या शतकात आंकेतिल द्युपेराँ या फ्रेंच अभ्यासकाच्या हाती लागली. सुरतेच्या पारशी दस्तुरांकडे शिकून अवेस्ताचं फ्रेंच भाषांतर करणारा तो हाच. त्याने दाराच्या फारसीवरून उपनिषदं लॅटिनमध्ये नेली आणि १८०१-०२ मध्ये ती छापली. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहावरने उपनिषदं वाचली ती याच लॅटिन ग्रंथातून आणि आयुष्यभर ती उशाशी ठेवली. युरोपातल्या तत्त्वचिंतनात उपनिषदांचा शिरकाव झाला, तो दाराने जमवलेल्या पंडितांच्या त्या सहा महिन्यांच्या कामातून.

हुमायूनच्या मकबऱ्यात मुघल घराण्यातल्या अनेकांच्या कबरी आहेत. बहुतेकींवर नाव नाही. त्यातली दाराची नेमकी कोणती, हे तिथला कुठलाही शिलालेख सांगत नाही.