सावित्रीबाई फुले : दुखण्यातील सोबत

सावित्रीबाई फुले यांचे नाव घेतले की पुण्याच्या भिडे वाड्यातील १८४८ सालची मुलींची शाळा आपल्यासमोर उभी राहते. संडे स्कूलच्या मुलांनाही आपण तेवढेच सांगतो. पण या बाईंच्या आयुष्यात एक काळ असा आला की शाळा, सभा आणि समाजकार्य यांबरोबरच अर्धे शरीर लुळे पडलेल्या पतीची शुश्रूषा हे त्यांचे रोजचे काम झाले. हैदराबादेतील आमच्या मराठी मंडळीत आपल्या दुखणाईत पतीची किंवा पत्नीची वर्षानुवर्षे सेवा करणारी माणसे आहेत. त्यांना डोळ्यांपुढे ठेवून आम्ही हे चरित्र येथे देत आहोत.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. जोतीरावांचे शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते. अहमदनगर येथे मिस फॅरार यांनी चालवलेली मुलींची शाळा पाहून त्यांच्या मनात मुलींच्या शिक्षणाचा विचार पक्का झाला. त्यांनी प्रथम आपल्या पत्नीला शिकवले. पुढे सावित्रीबाईंनी नगरला मिस फॅरार यांच्याकडे व पुण्याला मिसेस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले. या दोघांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही, हे आपण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण मिशनच्या बायांनी लावलेले रोप त्यांच्या हातून वाढले, हेही तितकेच खरे आहे.

शिक्षणाच्या कामापायी १८४९ साली पतिपत्नींना वडिलांचे घर सोडावे लागले. १८६३ साली त्यांनी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला व पुढे त्याला डॉक्टर केले.

११ मे १८८८ रोजी मुंबईच्या मांडवी भागातील मोठ्या सभेत लोकांनी जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. त्या वेळी ते एकसष्ट वर्षांचे होते.

हा आजार हातापायांत दिसतो, पण त्याचे मूळ मेंदूत असते. मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबली किंवा फुटली की मेंदूचा तेवढा भाग दुखावतो. डाव्या भागाला इजा झाली तर शरीराची उजवी बाजू जाते. आज वाहिनी तुंबली असल्यास पहिल्या साडेचार तासांत गाठ विरघळवणारे औषध देता येते. म्हणून तोंड वाकडे होणे, हात उचलता न येणे किंवा बोबडी वळणे, यांपैकी काहीही दिसले तर घरी चोळत न बसता १०८ क्रमांकावर फोन करून रोग्याला ताबडतोब इस्पितळात न्यावे. १८८८ साली यांतले काहीच नव्हते. डॉ. विश्राम रामजी घोले यांचे उपचार आणि सावित्रीबाईंची सेवा, एवढाच आधार होता.

या दोहोंच्या बळावर जोतीराव काहीसे सावरले. उजवा हात मात्र परत आला नाही. तेव्हा ते डाव्या हाताने लिहू लागले आणि अशा स्थितीत त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक हा आपला शेवटचा ग्रंथ पुरा केला. यशवंतांनी तो १८९१ साली प्रसिद्ध केला. बरे होणे म्हणजे सगळे पूर्वीसारखे होणे, अशी आपली समजूत असते. पुष्कळदा उरलेल्या शक्तीनिशी नवी रीत शिकणे हेच बरे होणे असते. लिहिणाऱ्याचे नाव ग्रंथावर येते. त्याला उठवणारा, भरवणारा, धीर देणारा माणूस त्यात कोठेच दिसत नाही.

सावित्रीबाईंनी या काळात घराचे दार बंद केले नाही. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंताचा विवाह ज्ञानोबा ससाणे यांची कन्या राधा हिच्याशी सत्यशोधक पद्धतीने झाला. घरात पैशाची चणचण होती. जुलै १८९० मध्ये मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून मदतीची विनंती केली. त्या पत्रात त्यांनी जोतीरावांपेक्षाही सावित्रीबाईंची थोरवी अधिक मानली आहे. जवळून पाहणाऱ्याला ओझे कोणाच्या खांद्यावर आहे ते दिसले होते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. दत्तक मुलाचा हक्क नाकारून भाऊबंदांनी अंत्यविधीच्या वेळी वाद घातला. तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून प्रेतयात्रेच्या पुढे चालल्या आणि त्यांनी पतीला अग्नी दिला. त्या काळी स्त्रीने असे करणे ही अघटित गोष्ट होती.

त्यानंतर त्यांनी सत्यशोधक समाजाची धुरा सांभाळली. १८९३ साली सासवडच्या परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला इस्पितळात पोहोचवताना त्यांनाही तो रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. शुश्रूषेची सवय शेवटपर्यंत सुटली नाही.

मंडळीतील घरी कोणी असे अंथरुणाला खिळलेले असले की आपण भेटीला जातो, प्रार्थना करतो आणि रोग्याची विचारपूस करून परततो. सेवा करणाऱ्याला मात्र, तू रात्री झोपलीस का, जेवलास का, हे कोणी विचारत नाही. सेवा करणाराही थकतो, चिडतो, कधी एकटाच रडतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. तेव्हा पुढच्या भेटीत आपण दोन तास रोग्याजवळ बसावे आणि त्या माणसाला बाजारात, देवळात किंवा नुसते झोपायला मोकळे करावे. संडे स्कूलच्या शिक्षकांनीही सावित्रीबाईंचा धडा भिडे वाड्यापाशी न संपवता या दोन वर्षांपर्यंत न्यावा. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी आजच असे अंथरूण पडलेले असेल, आणि आपल्या आईचे काम केवढे मोठे आहे हे त्याला त्या दिवशी कळेल.