भाभांनी विमानात चढवलेला काउंटर

चितेगावच्या कारखान्यांत आपल्यातले बरेचजण ट्रेनिंगला जातात. जाड वेल्डचा गॅमा फोटो काढतात हे आपण थिअरीत वाचलंय. त्यासाठीचा किरणोत्सारी सोर्स गाडीतून साइटवर नेतात. वाटेत हरवला तर? त्याला रंग नाही, वास नाही. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका प्रयोगशाळेतलं कोबाल्ट-६० असंच भंगारातून येऊन पोचलं आणि एका माणसाचा जीव गेला. हाताशी मोजयंत्र असतं तर ते दारातच कळलं असतं.

अशी मोजयंत्रं आपल्याकडे रुजवण्यात मोठा वाटा डॉ. होमी भाभांचा. ते मुळात मेकॅनिकलवाले बरं का! जन्म मुंबईत, ३० ऑक्टोबर १९०९. घरच्यांना वाटे, केंब्रिजहून इंजिनिअर होऊन यावं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात लागावं. पठ्ठ्याने १९३० साली पहिल्या वर्गात इंजिनिअरिंग पास केलं आणि मग फिजिक्सला गेला. १९३९ मध्ये सुट्टीवर भारतात आले, युद्ध पेटलं, परतता आलं नाही.

मग बंगलोरला विश्वकिरणांवर काम सुरू झालं. युद्धकाळातच गायगर काउंटरच्या नळ्या एकावर एक रचून अमेरिकन हवाई दलाच्या विमानातून सुमारे ३०,००० फुटांवर नेल्या. सगळ्या नळ्यांत एकाच वेळी पल्स आली तरच कण मोजायचा, म्हणजे दिशाही कळते. इथे यंत्र पळतंय आणि किरण सगळीकडे; भंगाराच्या ट्रकचं नेमकं उलट. ट्रक समोरून दोन-चार सेकंदात जातो, अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाईवर येते. छोट्या नळीत तेवढ्यात मोजण्याइतक्या पल्स येतच नाहीत. म्हणून गेटवर प्लास्टिक सिंटिलेटरचे मोठे पत्रे लावतात. हातातलं मीटर नंतर, नेमकी जागा शोधायला.

१९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट, १९५४ मध्ये तुर्भे. तिथे भाभांचा हट्ट एकच: उपकरणं आपणच बनवायची. ए. एस. राव यांच्या इलेक्ट्रॉनिक्स गटाने ते करून दाखवलं. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा अणुभट्टी चालू झाली, तिची नियंत्रण यंत्रणाही या गटाचीच. बाहेरून आणणं सोपं होतं; पण मग बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार?

२४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँवर विमान कोसळलं आणि भाभा गेले. पुढच्या वर्षी रावांच्या पुढाकाराने हैदराबादला ईसीआयएल उभी राहिली. रेडिएशन मोजायची यंत्रं आजही तिथे बनतात.