वनरक्षकांचे आश्रयदाते संत जॉन ग्वालबर्ट

इटलींतील फ्लॉरेन्सच्या एका सरदारकुलांत संत जॉन ग्वालबर्ट जन्मले. आप्ताचा मारेकरी हातीं सांपडला असतांहि क्रूसाचें स्मरण होऊन त्यांनीं त्यास क्षमा केली, असें परंपरा सांगते. पुढें संसार त्यागून त्यांनीं १०३६ च्या सुमारास ॲपेनाइन पर्वतांत वाल्लोंब्रोसा येथें मठ स्थापिला. १०७३ सालीं ते प्रभुचरणीं विलीन झाले.

त्यांच्या मठवासीयांनीं पिढ्यान्‌पिढ्या त्या उतारांवर फर वृक्ष लाविले व जोपासिले. अशा रानाच्या मुळ्या माती धरून ठेवितात, पाऊस भूमींत मुरवितात; त्यावरच खालचे झरे वाहतात व शेतें तगतात. १८६९ सालीं इटलीची पहिली वनविद्याशाळा तेथेंच निघाली. १९५१ सालीं पोप बारावे पायस यांनीं त्यांस इटलीच्या वनरक्षकांचे आश्रयदाते ठरविलें.

ज्यास खालचें शेत राखावयाचें आहे, त्यानें प्रथम वरचें रान राखावें, हाच या चरित्राचा बोध होय.