लुडविग एऱ्हार्ड: स्पर्धेचा कैवारी

कारखानदारांनी आपसांत भाव बांधून घेण्याचे करार जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९७ मध्ये वैध ठरवले. त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला फ्युर्थ येथील एका कापड दुकानदाराच्या घरी लुडविग एऱ्हार्ड यांचा जन्म झाला. पुढे अशा करारांना आळा घालणे हे त्यांच्या आयुष्यातील एक मोठे कार्य ठरले.

पहिल्या महायुद्धात खांद्याला जबर जखम झाली आणि दुकानदारी सोडून ते अर्थशास्त्राकडे वळले. जून १९४८ मध्ये नवे चलन येताच त्यांनी अनेक वस्तूंवरील भावनियंत्रण उठवले. सरकारी बंधन काढून त्या जागी उद्योगपतींच्या संगनमताचे बंधन येणार असेल, तर ग्राहकाच्या हाती काहीच पडत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचे अर्थमंत्री झाल्यावर त्यांनी अशा करारांवर बंदी घालणारे विधेयक पुढे रेटले. बड्या उद्योगांनी त्याला कडवा विरोध केला. अखेर जुलै १९५७ मध्ये कायदा संमत झाला, तोही अनेक अपवाद पदरी घेऊन.

त्याच वर्षी मार्चमध्ये सहा देशांनी रोमचा करार केला. सहा देशांच्या कुंपणापेक्षा व्यापक मुक्त व्यापार एऱ्हार्ड यांना अधिक प्रिय होता. हा संघ त्यांना मनापासून रुचला नव्हता. तरीही त्या करारातील ८५ आणि ८६ ही कलमे स्पर्धेच्या रक्षणासाठीच होती. जर्मन कायदा आणि रोमचा करार, दोन्ही १ जानेवारी १९५८ रोजी एकदमच अमलात आले. संघाच्या आयोगात स्पर्धेचे खातेही एऱ्हार्ड यांच्याच मंत्रालयातून आलेल्या हान्स फॉन डेर ग्रोबेन यांच्याकडे गेले.

जर्मन विचार संघात रुजला, तसे संघाचे नियम जर्मनीवरही बंधनकारक झाले. सदस्य देशांमधील व्यापारावर परिणाम करणाऱ्या करारांना त्या कलमांतून सूट देण्याचा अधिकार १९६२ च्या नियमावलीने केवळ आयोगाकडे ठेवला. राष्ट्रीय कायदा आणि संघाचा कायदा यांत विसंगती आल्यास संघाचा कायदा श्रेष्ठ, असे युरोपीय न्यायालयाने १९६९ मध्ये जर्मनीतूनच आलेल्या एका प्रकरणात स्पष्ट केले.

१९६३ ते १९६६ या काळात चान्सलरपद भूषवलेले एऱ्हार्ड ५ मे १९७७ रोजी निवर्तले. २००५ मध्ये त्यांचा कायदा युरोपीय नियमांशी जुळवून घेण्यात आला आणि त्यातील अनेक जुने अपवाद गळून पडले. उद्योगपतींच्या दबावाखाली त्यांना जे सोडून द्यावे लागले होते, त्यातले बरेचसे त्यांना न रुचलेल्या संघामुळेच साध्य झाले.